टर्म भरणे आणि विद्या येणे

पदवी दोन गोष्टींनी मिळते: टर्म भरून आणि परीक्षा देऊन. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची खूण मुंबईच्या बोलीत अजून टिकून आहे. एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसायला मिळाले की ‘केटी लागली’ असे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर म्हणतात. ए.टी.के.टी. म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, टर्म राखायची मुभा. परीक्षा हुकली, पण काळ मान्य झाला. याच्या उलटही घडते. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की टर्म ग्रँट होत नाही, आणि जो विषय चांगला येतो त्याच्या परीक्षेलाही बसता येत नाही. पहिल्याच्या हाती काळ आहे पण विद्या नाही. दुसऱ्याला विद्या आली असेल, पण काळ भरलेला नाही.

विषय आधीच येत असेल तर वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन त्याचे श्रेयांक घ्यावेत का, आणि असे श्रेयांक जोडत पदवी लवकर पुरी करावी का, हा प्रश्न वरवर पाहता कॉलेजच्या ऑफिसातल्या खिडकीवर सुटणारा आहे. पण त्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न बसलेला आहे. विद्या हे काळाचे फळ आहे की काळ हा तिचा केवळ सोबती आहे? आणि दुसऱ्याच्या ठिकाणी विद्या आहे हे बाहेरच्या माणसाने ओळखायचे तरी कशावरून?

आजची व्यवस्था या प्रश्नाला अर्धवट उत्तर देते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात वर्गातले १५ तास. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने स्वतःचा अभ्यासही हिशेबात धरून एका श्रेयांकाला अध्ययनाचे ३० तास ठरवले. त्या हिशेबाने तीन वर्षांची पदवी ३,६०० तासांची होते. नाणे काळाचे आणि माल विद्येचा, अशी ही पेठ आहे. परीक्षेने श्रेयांक देण्याची कल्पना नेमकी या ठिकाणी बोट ठेवते: माल हातात असेल तर तास कशाला मोजायचे?

ही कल्पना परदेशातून नव्याने आलेली नाही. मुंबई विद्यापीठाचा जन्मच तिच्यात आहे. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतले होते, आणि लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे, फक्त परीक्षा घेऊन पदव्या देत असे. मुंबईतही शिकवणे कॉलेजांकडे राहिले आणि पारखणे विद्यापीठाकडे आले. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाने त्यांना एकही तास शिकवला नव्हता. मात्र त्याच सुमारास दोन विद्यापीठांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लंडनने १८५८ पासून कुठल्याही कॉलेजात न गेलेल्यांनाही परीक्षेचे दार उघडले. मुंबईच्या कायद्याने मात्र संलग्न कॉलेजचा दाखला मागितला. टर्म भरण्याचा आग्रह इथे तेव्हापासून आहे. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने अध्यापन हेही विद्यापीठाचे काम मानले, आणि १९२० च्या दशकात विद्यापीठाच्या सुधारणेची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नुसत्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर टीका करून शिकवणे हे विद्यापीठाचे मूळ काम असल्याचे सांगितले. त्यांचा युक्तिवाद आजही दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याला घरी कोणी समजावून सांगणारे नाही, त्याला उघडी परीक्षा म्हणजे दार उघडे आणि जिना काढून घेतलेला.

बाहेरून परीक्षा देणाऱ्यांची परंपरा तरीही चालू राहिली. उपनगरांत तिला साधी नावे आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसलेले, ‘एक्स्टर्नल’ बी.ए. केलेले, नोकरी सांभाळून पत्राने शिकलेले लोक बोरिवली-घाटकोपरच्या जवळपास प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत सापडतात. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे कलिना संकुलातला हा विभाग ‘आयडॉल’ म्हणून ओळखला गेला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या वर्गात येण्याची वाट त्याने खुली केली. दारात विचारलेला प्रश्न ‘कुठे शिकलास?’ असा नव्हता, ‘काय येते?’ असा होता.

न्यायाच्या दृष्टीने हा प्रश्न पाहायचा तर भारतीय दर्शनांत दोन दोषांची एक जोडी तयारच आहे: कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचे फळ न मिळणे हा पहिला दोष, न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा दुसरा. ज्या मतात कर्ता आणि भोक्ता एकच राहत नाहीत, त्या मतावर हे दोन आक्षेप घेतले जात. आत्मा क्षणिक मानला तर आज कष्ट करणारा एक आणि उद्या फळ खाणारा दुसरा, हे कसे चालेल, असा तो वाद. पदवीच्या हिशेबाला ही जोडी जशीच्या तशी लागू पडते. मुलुंडची एखादी मुलगी घरात लहानपणापासून संस्कृत शिकलेली आहे, आणि तरी पहिल्या सत्रात शब्दरूपांच्या तासाला तिला बसावे लागते. तिचे आधीचे श्रम कागदावर शून्य धरले जातात. हा कृतप्रणाश. शेवटच्या आठवड्यात ‘अपेक्षित’ पाठ करून पेपर देणाऱ्याला तेच श्रेयांक मिळतात, हा अकृताभ्यागम. हजेरीची सक्ती दुसऱ्या दोषाला भिऊन केलेली असते आणि ती पहिला दोष ओढवून घेते. नुसती परीक्षा पहिला दोष टाळते आणि दुसऱ्याला वाट देते. दोन्ही दोषांतून पूर्ण सुटलेली पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. पण दोन्ही दोषांचे वजन सारखे मानण्याचे कारण नाही. ज्याला कमी येते त्याला पदवी मिळाली तर नुकसान पुढे कुठे तरी उघड होते, नोकरीत किंवा पुढच्या परीक्षेत. ज्याला येते त्याचे वर्ष गेले तर ते कुठेही उघड होत नाही.

दुसऱ्याच्या ठिकाणची विद्या डोळ्यांना दिसत नाही. तिचे प्रत्यक्ष होत नाही, अनुमान करावे लागते, आणि अनुमानाचा सगळा भार लिंगावर, म्हणजे खुणेवर, असतो. न्यायशास्त्राच्या शाळकरी उदाहरणात डोंगरावर धूर दिसतो म्हणून अग्नी आहे असे ठरते. परीक्षेत गुण हा धूर आहे आणि विद्या हा अग्नी. नैयायिकांनी या अनुमानाच्या दोन्ही बाजू तपासल्या आहेत. लांबून धूर वाटावा असे धुके किंवा धुळीचा लोट असू शकतो. तेव्हा खूणच खोटी ठरते. चार पर्यायांतून एक निवडायच्या प्रश्नपत्रिकेत अंदाजाने मिळालेले गुण या जातीचे. दुसरी बाजू अधिक मजेची आहे. धुरावरून अग्नी ठरतो, पण अग्नीवरून धूर ठरत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला अग्नीबरोबर ओले सरपण लागते. या अटीला ते उपाधी म्हणतात. परीक्षेतही ज्ञानाबरोबर असे काही ओले सरपण लागते: वेगाने लिहिणारा हात, प्रश्नपत्रिकेच्या भाषेवरची पकड, वेळेचा अंदाज, शांत झोप. ज्याच्यापाशी हे नाही तो तापलेला गोळा आहे. त्याला विषय येतो, पण उत्तरपत्रिकेतून धूर निघत नाही.

हजेरी हीसुद्धा खूणच आहे, आणि अधिक कमकुवत. वर्गात बसणे आणि विद्या येणे यांची व्याप्ती कोणी सिद्ध केलेली नाही. प्रॉक्सी लावणाऱ्या शेजाऱ्यामुळे तर बसण्याचीसुद्धा खात्री नाही. त्यामुळे वाद खूण हवी की नको असा नाही. दोन खुणांपैकी कोणत्या विषयात कोणती कमी फसवते, एवढाच आहे. विषयागणिक उत्तर बदलते, आणि परीक्षा निवडणाऱ्याचे सगळे शहाणपण इथे पणाला लागते.

निवडीच्या वाटा आज कोणत्या आहेत, हे थोडक्यात पाहता येते. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. आधी पदवीचे २० टक्के श्रेयांक त्यातून घेता येत. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. आयआयटींच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांत आठवड्यांच्या स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान गुण मिळवावे लागतात. म्हणजे नुसत्या अंतिम परीक्षेवर भिस्त ठेवून भागत नाही. थोडा काळ इथेही भरावा लागतोच. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला १, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला २ आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ श्रेयांक, हा तिथला साधारण भाव. मिळालेले श्रेयांक जमा होतात ते शैक्षणिक श्रेयांक पेढीत, म्हणजे ‘एबीसी’च्या खात्यात. जुलै २०२१ च्या नियमांनी ही पेढी उभी राहिली.

पेढीचे नियम वाचताना मीमांसकांची आठवण होते. यज्ञ आज झाला आणि स्वर्ग मरणानंतर मिळाला, तर मधल्या काळात कर्म कुठे असते? मीमांसकांनी उत्तर दिले: ते अपूर्व नावाच्या अदृष्ट शक्तीच्या रूपाने शिल्लक असते आणि वेळ आली की फळ देते. एबीसीतला श्रेयांक असाच शिल्लक राहतो. फरक एवढाच की अपूर्वाला मुदत नाही, श्रेयांकाला जास्तीत जास्त ७ वर्षांची आहे, आणि एका पदवीसाठी एकदा खर्ची पडलेला श्रेयांक पुन्हा वापरता येत नाही. या शेवटच्या नियमावर मीमांसकसुद्धा मान डोलावतील. मुदतीचे मात्र नीट समर्थन होत नाही. वापर नसेल तर ज्ञान गंजते हे खरे, पण मग पदवीलाही मुदत हवी. रानड्यांची बी.ए. ७ वर्षांनी बाद झाली नव्हती.

उपनगरांत या वाटांचा खरा गिऱ्हाईक बहुधा वाणिज्य शाखेत असतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या कॉमर्स कॉलेजांतून दरवर्षी अनेक मुले सी.ए.च्या मार्गाला लागतात. आर्टिकलशिप पूर्वी ३ वर्षांची होती, नव्या योजनेत २ वर्षांची आहे. त्या काळात दिवस ऑफिसात आणि ऑडिटला जातो, आणि बी.कॉम.ची हजेरी हा रोजचा जाच होतो. ही मुले कॉलेजच्या हिशेबशास्त्राच्या तासाला गैरहजर असतात ती ऑफिसात खरे हिशेब लिहीत असल्यामुळे. नावाप्रमाणे आर्टिकलशिप ही उमेदवारीच आहे, जुन्या गुरुकुलाच्या अधिक जवळची. इथे कृतप्रणाश टाळायची गरज उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सी.ए., सी.एस. आणि कॉस्ट अकाउंटन्सीच्या पात्रतेला नेट परीक्षेपुरते पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचे मानले, तेव्हा परीक्षेने सिद्ध झालेली विद्या वर्गाबाहेर येऊ शकते हे मान्य केलेच होते. अमेरिकेत ही वाट आणखी रुंद आहे. कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षा १९६७ पासून चालू आहेत. त्यात तीसहून अधिक विषय आहेत, गुण २० ते ८० मध्ये दिले जातात, आणि ५० मिळाले की श्रेयांक द्यावेत अशी शिफारस असते. ती मानायची की नाही हे ज्या त्या कॉलेजचे काम. इथून तिकडे गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांना दीड तासाच्या एका परीक्षेने एका सत्राचा विषय आणि त्याची फी वाचवता येते, हे पहिल्यांदा कळते तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यात काही तरी चोरीचे वाटते. ही शंका त्यांना येते, कारण आपल्याकडे कष्टाची खूण वेळ ही आहे.

या वाटांनी जाणाऱ्याला काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. आपले कॉलेज तो अभ्यासक्रम आपल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरणार, हे नाव नोंदवण्याआधी लेखी घ्यावे लागते; परीक्षा पास झाल्यावर विचारले तर श्रेयांक पेढीत पडून राहतात आणि गुणपत्रिकेवर येत नाहीत. मुख्य विषयाचे पायाभूत पेपर बाहेरून घेण्यापेक्षा भाषा, पर्यावरण, सर्वसाधारण अर्थशास्त्र यांसारखे जोडविषय बाहेरून घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते, कारण मुख्य विषयात पुढचा पेपर मागच्यावर उभा असतो आणि मध्ये एक वीट सैल राहिली तर तिसऱ्या वर्षी कळते. प्रयोगशाळेचे विषय या हिशेबात बसतच नाहीत. बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या लोकलने जायला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. एखाद्या तासासाठी रोज एवढा प्रवास करणाऱ्याला वाचलेल्या वेळेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परीक्षा केंद्र मात्र ठाण्याला की वसईला, हेही पाहून ठेवलेले बरे.

२०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने आणखी एक पाऊल टाकले: हुशार विद्यार्थ्याला सत्रामागे जास्त श्रेयांक घेऊन पदवी लवकर संपवण्याची मुभा. तीन वर्षांची पदवी एका सत्राने, चार वर्षांची फार तर दोन सत्रांनी लवकर पुरी होऊ शकते. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी समिती विद्यार्थी निवडणार, आणि असे विद्यार्थी मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत. श्रेयांक तेवढेच, काळ कमी.

काळाआधी पिकणे खरे की खोटे, हा प्रश्न घाटकोपर-मुलुंडच्या जैन पाठशाळांत ओळखीचा आहे. जैन दर्शनात ज्ञान बाहेरून येत नाही. ते आत्म्याचे स्वरूप आहे, आणि ज्ञानावरणीय कर्माचा पडदा त्यावर आहे. शिकणे म्हणजे पडदा विरत जाणे. कर्म झडण्याला निर्जरा म्हणतात आणि ती दोन प्रकारची: वेळ आल्यावर आपोआप फळ देऊन झडणारी सविपाक, आणि तपाच्या बळाने वेळेआधी पिकवून झडणारी अविपाक. टीकाकारांनी दुसरीला आंबा-फणस उपायाने लवकर पिकवण्याची उपमा दिली आहे. या मतात लवकर पिकणे हा कमीपणा नाही. साधकाचा पुरुषार्थच तिथे आहे. अट एवढीच की उष्णता तपाची हवी. ही अट मराठी घराला जैन टीका न वाचताही कळते, कारण आढीत पिकलेला आंबा आणि कार्बाइडने पिवळा केलेला आंबा एकाच पेटीत शेजारी ठेवले तरी नाकाला फरक कळतो. परीक्षकाला नेहमी कळतोच असे नाही. तो फक्त रंग पाहतो.

काही विद्यांत मात्र काळ हा उष्णता नसून गरच असतो. संगीताचे उदाहरण उपनगरांत घरोघर आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी चढतात. बोरिवलीच्या एखाद्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिकवणाऱ्या बाईंकडे शिकलेली मुलगी आणि मोठ्या संस्थेत शिकलेली मुलगी एकाच परीक्षकापुढे बसतात. कुठे शिकलीस हे कोणी विचारत नाही. परीक्षेने श्रेय देण्याचा यापेक्षा चांगला नमुना मराठी समाजात क्वचितच असेल. लेखी पेपर आहे, पण खरी कसोटी समोर बसून गाण्याची, म्हणजे धूर दुरून पाहायचा नाही, आगीजवळ हात न्यायचा. तरीही विशारद झालेला प्रत्येक जण गवई होत नाही, हे मंडळाच्या परीक्षकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. रागाचे चलन दाखवता येणे परीक्षेत मोजता येते. तोच राग वीस वर्षे घोळवल्यावर गळ्यात जे उतरते ते कुठल्याही तीस मिनिटांत दिसत नाही, आणि त्याचे श्रेयांकही नसतात.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वेगळेच झाले आहे. राज्य सरकार दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार वाढीव गुण देते, शास्त्रीय कलांच्या परीक्षांनाही देते. मुलाचे हात रंगात आहेत की नाहीत हे न पाहता आठवीतच ‘इंटरमिजिएट देऊन टाक, मार्क मिळतात’ असे म्हणणारे पालक उपनगरांत भरपूर आहेत. परीक्षेने आधीच्या विद्येला मान द्यावा अशी कल्पना होती. मान मिळवण्यासाठी विद्या घेतली जाऊ लागली. पण त्यांनाच दोष देणे अन्यायाचे होईल. कॉलेजच्या प्रवेशयादीत अर्ध्या टक्क्याने वाट बदलते तिथे निष्काम चित्रकला ही चैन आहे.

मुंडक उपनिषदाने विद्येचे दोन भाग केले आहेत, परा आणि अपरा. अपरेत चारही वेद, शिक्षा, व्याकरण, ज्योतिष सगळे येते. जिच्याने अक्षर तत्त्व कळते ती परा. विद्यापीठात जे काही शिकवले जाते ते सगळे अपरेत बसते, तत्त्वज्ञानाचा पेपरसुद्धा. अपरा विद्या मोजता येते, वाटता येते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते, म्हणून तिचे श्रेयांक होऊ शकतात. छांदोग्यात नारद सनत्कुमारांकडे येतात तेव्हा आपल्याला येणाऱ्या विद्यांची लांबलचक यादी सांगतात, आणि स्वतःच कबूल करतात की मंत्र कळले, आत्मा कळला नाही. यादी पुरी होती. प्रश्न यादीबाहेरचा होता.

काळाबद्दल त्याच उपनिषदात एक निर्भीड गोष्ट आहे. इंद्र आणि विरोचन दोघे प्रजापतीकडे आत्मविद्येसाठी जातात आणि ३२ वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. प्रजापती पहिले उत्तर देतो: पाण्यात दिसते ते प्रतिबिंब पाहा. विरोचन समाधानाने घरी जातो आणि असुरांना देहच आत्मा असे शिकवू लागतो. इंद्र वाटेत थांबतो. या उत्तरात काही तरी चुकते आहे असे त्याला वाटते आणि तो परत फिरतो. पुन्हा ३२ वर्षे, पुन्हा ३२, शेवटी ५, एकूण १०१. गोष्टीत प्रजापती कुठेही परीक्षा घेत नाही. विरोचनाला तो अडवत नाही, इंद्राला तो बोलावत नाही. ३२ वर्षे दोघांनीही भरली होती. टर्म दोघांच्याही ग्रँट झाल्या होत्या. फरक पडला तो परतीच्या वाटेवर, जिथे हजेरी लागत नव्हती. श्वेतकेतूची गोष्टही याच बाजूची: बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ मानेने परत आला, आणि वडिलांच्या एका प्रश्नाने अडला. काळ भरल्याने विद्या येते असे मानणाऱ्याला उपनिषदे फारसा आधार देत नाहीत.

पण विद्या आधीच आली असेल तर गुरूने काय करावे, याचेही उत्तर छांदोग्यात आहे. सत्यकाम जाबालाला हारिद्रुमत गौतमांनी ४०० रोडक्या गायी देऊन रानात धाडले; हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे सत्यकामाने ठरवले. हजार झाल्या तेव्हा वाटेत बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. चारांतून सोळा कला झाल्या. तो परतला तेव्हा गुरूंनी चेहरा पाहून ओळखले की याला कळले आहे, आणि विचारले, कोणी शिकवले? माणसांनी नाही, असे त्याने सांगितले. आधीच्या विद्येला मान्यता देण्याचा हा बहुधा सर्वांत जुना नोंदलेला प्रसंग. खूण चेहरा ही होती, आणि पारखणारा इतका अनुभवी होता की दुसरी खूण लागली नाही. तरी सत्यकामाने गुरूंकडूनच ऐकण्याचा हट्ट धरला, आणि गुरूंनी तीच विद्या त्याला पुन्हा सांगितली, काहीही न गाळता.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. हाच सत्यकाम पुढे आचार्य झाला आणि उपकोसल नावाचा शिष्य त्याच्या घरी १२ वर्षे अग्नींची सेवा करत राहिला. बाकीच्या शिष्यांचे समावर्तन करून सत्यकामाने त्यांना घरी पाठवले. उपकोसलाला पाठवले नाही. पत्नीने रदबदली केली, तरी तो न बोलता प्रवासाला निघून गेला. ज्याची स्वतःची बाहेरची विद्या चेहरा पाहून मान्य झाली होती, तो आचार्य झाल्यावर टर्म ग्रँट करायला तयार नव्हता. उपकोसलाने जेवण सोडले. मग ज्यांची त्याने सेवा केली त्या अग्नींनीच त्याला उपदेश केला, आणि शेवटी सांगितले की पुढची वाट आचार्य दाखवील. २०२१ च्या श्रेयांक पेढीच्या नियमांतही बाहेरून कितीही श्रेयांक आणले तरी किमान निम्मे पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात. अग्नींनी किती भाग राखून ठेवला होता याचा आकडा उपनिषदात नाही. सत्यकाम परतला, शिष्याचा चेहरा पाहिला, आणि त्याच्या स्वतःच्या गुरूंनी विचारला होता तोच प्रश्न त्याने विचारला: कोणी शिकवले? उपकोसल आधी थोडा टाळाटाळ करतो, मग अग्नींकडे बोट दाखवतो. तेव्हा आचार्य म्हणतो की अग्नींनी तुला फक्त लोक सांगितले, आणि उरलेले सांगायला बसतो.